यशाचे मागणे

धर्मग्रामाच्या महोत्सवाचे वर्ष उजाडले म्हणजे जुन्या नोंदवह्या कपाटातून बाहेर निघतात. पहिला स्नानसंस्कार कोणाचा झाला, पहिले लग्न कोणाचे लागले, ख्रिस्तमंदिराच्या बांधकामास पैसा कोठून आला, यांची चौकशी होते आणि ती योग्यच आहे. एक वही मात्र कोणी उघडीत नाही. ती म्हणजे मिस्साबलिदानाच्या हेतूंची वही. लोकांनी देवापाशी काय मागितले त्याचा तो इतिहास होय. मृतांच्या आत्मशांतीचे हेतू तीत नेहमीच अग्रभागी असतात, त्यांच्यामागून आजाऱ्यांचे. आणि त्यांच्या पाठोपाठ येते ते यशाचे मागणे. मुलगा परीक्षेत उत्तीर्ण व्हावा, धाटावच्या वसाहतीत किंवा नागोठण्याच्या कारखान्यात नोकरी कायम व्हावी, मुलीस परिचारिकेचे काम मिळावे, आखाती देशाचा परवाना हाती यावा, घराचे कर्ज मंजूर व्हावे.

हे हेतू लिहून देणाऱ्यांत दोन प्रकारची माणसे आढळतात. काही जण चिठ्ठी हाती देताना ओशाळतात; जगात एवढे दुःख असता आपण आपल्या बढतीसाठी देवास त्रास द्यावा हे त्यांस बरे वाटत नाही. दुसरे काही असे की, नऊ बुधवारांची नोव्हेना पुरी झाली म्हणजे देव आता देणे लागतो असा त्यांचा हिशेब असतो, आणि नोकरी न मिळाल्यास ते सहा महिने ख्रिस्तमंदिराची पायरी चढत नाहीत. पहिल्यांची लाज आणि दुसऱ्यांचा राग यांचे मूळ एकच आहे. यश म्हणजे काय आणि ते देवापाशी मागणे म्हणजे काय, याचा निवाडा आपण केलेला नसतो. या प्रश्नाचे उत्तर धर्मपंडितांच्या ग्रंथांत आहेच. परंतु ते आपल्या जिल्ह्याच्या इतिहासातही आहे, आणि महोत्सवाच्या वर्षी तेथूनच आरंभ करणे उचित होईल.

रोह्यावरून वाहणारी कुंडलिका नदी रेवदंड्यापाशी समुद्रास मिळते. तिच्या मुखाच्या एका बाजूस रेवदंडा, म्हणजे पोर्तुगीजांचे चौल, आणि दुसऱ्या बाजूस कोर्लईचा डोंगर. १५२१ साली पोर्तुगीजांस येथे किल्ला बांधण्याची परवानगी मिळाली, आणि पुढील दोन शतकांत फ्रान्सिस्कन, डोमिनिकन, येशूसंघीय व आगुस्तीनियन या चारही संघांचे मठ या एका तटबंदीत उभे राहिले. त्यांचे भग्नावशेष आजही नारळी-पोफळीच्या वाड्यांतून उभे आहेत. ज्या वाचकांनी ते पाहिले नसतील त्यांनी एखादा रविवार तेथे घालवावा.

१५७१ साली अहमदनगरच्या मुर्तझा निजामशहाच्या सैन्याने या चौलास कडेकोट वेढा घातला होता. तटाच्या आत मोजके लोक, बाहेर प्रचंड फौज. आत जपमाळा चालल्या असतील, आणि बाहेरच्या छावणीतही पाच वेळा नमाज पढला जात असेल. दोघांचे मागणे एकच, की आम्हांस यश दे. अखेर वेढा उठला. त्याच वर्षी ७ ऑक्टोबर रोजी लेपांतोच्या समुद्रात ख्रिस्ती आरमारास तुर्की आरमारावर विजय मिळाला, आणि त्या विजयाच्या स्मरणार्थ पाचवे पायस यांनी विजयमातेचा जो सण नेमला तोच पुढे जपमाळेच्या राणीचा सण म्हणून आपण पाळू लागलो. चौलच्या पोर्तुगीजांनीही आपला विजय असाच देवाच्या पदरी घातला असल्यास नवल नाही. फिरिश्ता या इतिहासकाराने मात्र वेगळेच कारण नमूद केले आहे. त्याच्या म्हणण्याप्रमाणे, पोर्तुगीजांनी निजामशाही सरदारांस मद्याच्या भेटी पाठवून फितविले होते. जपमाळ आणि मद्याचे बुधले यांपैकी वेढा कशाने उठला, याचा निर्णय करण्याचे धाडस मी करणार नाही.

परंतु हा हिशेब १५७१ साली थांबत नाही, हे महत्त्वाचे. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसईच्या किल्ल्यास वेढा दिला तेव्हा किल्ला काही केल्या हाती येईना. त्या वेळी त्यांनी वज्रेश्वरी देवीस नवस केला की, वसई सर झाल्यास तुझे मंदिर बांधीन, असे परंपरा सांगते. मे महिन्यात वसई पडली. पोर्तुगीजांस किल्ला रिकामा करण्यास आठ दिवसांची मुदत मिळाली. नवस फेडला गेला. वज्रेश्वरीचे मंदिर आज उभे आहे आणि लाखो लोक तेथे जातात. वसईच्या ख्रिस्तमंदिरांच्या घंटा विजयचिन्हे म्हणून देशावर गेल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळात आणि भीमाशंकरास त्यांपैकी घंटा आजही टांगलेल्या आहेत. पुढच्याच वर्षी, १७४० साली, चौल व कोर्लई ही ठाणीही मराठ्यांच्या स्वाधीन झाली.

आता विचार करा. त्या वेढ्यात वसईच्या तटाआड प्रार्थना झाली नसेल काय? मठोमठी उपवास झाले नसतील काय? विजय मिळाला म्हणजे देवाने प्रार्थना ऐकली, असा नियम आपण १५७१ साठी लावला, तर तोच नियम १७३९ साठीही लावावा लागेल, आणि मग निष्कर्ष कोणता निघेल हे सांगावयास नको. जो आपल्या यशास देवाच्या प्रसन्नतेचा दाखला मानतो, त्याने आपल्या अपयशासही देवाच्या अवकृपेचा दाखला मानावयास तयार असले पाहिजे. एकच पान वाचून दुसरे फाडून टाकणे हे इतिहासात चालत नाही. आपल्या काही जुन्या लेखकांनी ते केले; चौलचा विजय देवाचा, आणि वसईचा पराभव मात्र दारूगोळ्याच्या अभावाचा, अशी त्यांची वाटणी असे.

कोर्लईत पुढे काय झाले ते यापेक्षा अधिक बोलके आहे. किल्लेदार गेले, मठवासी गेले, तोफा गेल्या. राहिली ती डोंगराच्या पायथ्याची गरीब ख्रिस्ती माणसे. ज्या सत्तेच्या छत्राखाली त्यांच्या पूर्वजांचा धर्म रुजला ती सत्ता उरली नाही. तरीही कार्मेलमातेचे त्यांचे ख्रिस्तमंदिर राहिले, पोर्तुगीज शब्दांची त्यांची न्यारी बोली राहिली, आणि श्रद्धा राहिली. तटावर ज्या यशाची प्रार्थना झाली असेल ते मिळाले नाही. जे टिकेल अशी कोणी कल्पनाही केली नसेल ते टिकले. कुंडलिकेच्या काठी राहणाऱ्या आपणांस हा धडा नदीच्या वरच्या अंगाला बसून वाचता येतो.

याच धामधुमीने आपल्या प्रांतातील सर्वांत मोठ्या नवसस्थानाच्या इतिहासासही वळण दिले. वांद्र्याच्या टेकडीवरील मरियामातेस आपले कोळी-कुणबी लोक 'मोत माउली' म्हणतात. पोर्तुगीज 'मोंत', म्हणजे डोंगर, या शब्दाचे ते मराठी रूप. १७३९ च्या सुमारास टेकडीवरील चॅपल नष्ट झाले आणि मातेची मूर्ती माहीमच्या संत मायकलच्या ख्रिस्तमंदिरात नेऊन ठेवण्यात आली. १७६१ साली चॅपल पुन्हा उभारले गेल्यावर ती परत टेकडीवर गेली. हल्लीचे मंदिर १९०४ चे. दर वर्षी ८ सप्टेंबरच्या सणानिमित्त तेथे आठवडाभर जत्रा भरते, आणि ख्रिस्तीच नव्हे तर हिंदू, पारशी, मुसलमान, सर्व धर्मांचे लोक मेणाच्या आकृती घेऊन टेकडी चढतात. पूर्वी हात, पाय, डोळे, पाळण्यातले बाळ, यांच्या आकृती अधिक खपत. आता मेणाची घरे, मोटारी आणि विमानेही मिळतात. ही विमाने पाहून हसणारे विद्वान मला ठाऊक आहेत. मला स्वतःला त्यांत हसण्याजोगे काही दिसत नाही. ज्याच्या कुटुंबाचे पोट परदेशच्या नोकरीवर अवलंबून आहे त्याने विमान मागावे यात गैर काय?

ज्या माहीमच्या मंदिराने मोत माउलीस बावीस वर्षे आसरा दिला, तेथेच १९४८ साली, ८ सप्टेंबर रोजी, निरंतर साहाय्यमातेची बुधवारची नोव्हेना सुरू झाली. आज दर बुधवारी तेथे दिवसभर रीघ लागलेली असते. आपली मागणी आणि आपली कृतज्ञता पत्रांत लिहून भाविक ती मातेपुढे ठेवतात आणि त्यांतील काही पत्रे मोठ्याने वाचून दाखविली जातात. आपल्या पेण-रोह्याकडूनही लोक जातात. १९८६ साली रोह्यापर्यंत रेल्वे आली, पुढे १९९८ साली कोकण रेल्वे पूर्ण होऊन रोहे हे तिचे प्रवेशद्वार झाले, तेव्हापासून तर हा प्रवास सोपाच आहे. परंतु सोबत एक गोष्ट लक्षात घ्यावी. नोव्हेना म्हणजे काही नऊ हप्त्यांचे कर्ज नव्हे. प्रभूच्या स्वर्गारोहणानंतर प्रेषित व मरियामाता माडीवरील खोलीत एकत्र बसून प्रार्थना करीत राहिले, त्या नऊ दिवसांत तिचे मूळ आहे. त्यांनी तेथे मागितले ते कोणा एकाचे यश नव्हते, आणि ते मिळाले ते सर्वांस एकदम.

येथे आपल्या शेजाऱ्यांकडे वळून पाहणे उपयोगाचे ठरेल. पेण हे गणपतीच्या मूर्तींचे गाव. वर्षभर तेथील कारखान्यांतून मूर्ती घडतात, आणि कार्यारंभी विघ्न टळावे म्हणून आपले हिंदू बांधव ज्या देवतेस आवाहन करतात तिचे रूप आपल्या रस्त्यावरील प्रत्येक तिसऱ्या दारात वाळत ठेवलेले दिसते. यशाचे मागणे ही आपल्या गावची हवाच आहे म्हणा ना. दुसरे शेजारी बेने इस्रायल. तेलाच्या घाण्याचा धंदा करणारे आणि शनिवारी काम बंद ठेवणारे म्हणून त्यांस 'शनिवार तेली' म्हणत. पेण येथे आणि रोह्याजवळच्या अष्टमी येथे त्यांची सभास्थाने होती. पुढे त्यांतील बहुतेक घराणी मुंबईस आणि इस्रायल देशास गेली. अलिबागजवळच्या खंडाळे गावी एलियाहू हन्नाबीचा, म्हणजे आपल्या एलिया संदेष्ट्याचा, रथ टेकला होता अशी त्यांची श्रद्धा आहे. लग्न जमले, परीक्षा पार पडली, नवे घर झाले, की ते 'मलिदा' करतात. पोहे, ओले खोबरे, गूळ आणि फळे यांचे ताट मांडून एलियाहूचे स्मरण करतात, देवाची स्तुती गातात, आणि मग ते ताट जमलेल्या सर्वांत वाटून टाकतात. मागणे एका घराचे असते. फेडणे मात्र वाटून खाण्यात होते.

जुन्या करारातील हन्नेचे चरित्र याच धर्तीचे आहे. तिने शिलो येथे रडून मुलगा मागितला, आणि मुलगा झाल्यावर, त्याचे दूध तुटताच, तो देवाच्या सेवेस देऊन टाकला. जे मागितले ते तिच्यापाशी राहिलेच नाही. आमच्या साष्टी-वसईच्या ख्रिस्ती लोकांतील आगेऱ्याचा सणही असाच: ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी नव्या भाताच्या लोंब्या ख्रिस्तमंदिरात आणून आशीर्वाद घ्यावयाचा, आणि मगच नवे भात शिजवावयाचे.

शेतकऱ्याच्या मागण्यात एक मोठी सोय होती, तिचा विचार आपण करीत नाही. पेणच्या खारेपाटात ज्यांची शेती आहे त्यांस ती चटकन उमगेल. धरमतरच्या खाडीचे पाणी थोपविण्यास मातीचे लांबच लांब बांध असतात. एका ठिकाणी खांड पडली की उधाणाचे खारे पाणी एकाच्याच नव्हे, साऱ्या गावाच्या भातात शिरते आणि जमीन कित्येक हंगाम वाया जाते. म्हणून बांध गावाने मिळून राखावयाचे. अशा ठिकाणी 'देवा, माझेच शेत राख' ही प्रार्थना करताच येत नाही; शेजाऱ्याचे राखल्यावाचून तुझे राहत नाही. पाऊसही तसाच, तो बांध पाहून पडत नाही. पाचव्या शतकात फ्रान्समधील व्हिएन्नचे महागुरू संत मामेर्तुस यांनी स्वर्गारोहणापूर्वीच्या तीन दिवसांच्या ज्या विनवणी-यात्रा सुरू केल्या, आणि ज्या पुढे साऱ्या पश्चिम ख्रिस्तसभेत रूढ झाल्या, त्यांत गावचे गाव शेतातून प्रार्थना करीत फिरे, ते याच कारणाने.

नोकरीचे तसे नाही. कारखान्यात एक जागा आणि अर्ज चाळीस. वैद्यकीच्या शाळेत एक प्रवेश, आणि त्यावर डोळा ठेवून बसलेल्यांत आपल्याच धर्मशिक्षणाच्या वर्गातील दोन मुले. मला मिळावे म्हणजे त्याला न मिळावे, हे मी तोंडाने म्हणत नाही, पण मागण्याच्या पोटात ते असतेच. शेतकरी पूर्वजांस क्वचितच पडलेला हा पेच आपल्या पिढीस रोज पडतो. ओशाळून चिठ्ठी देणाऱ्या माणसाच्या लाजेत थोडे तथ्य आहे ते येथे.

आणि तरीही हा पेच नवा नाही. प्रभू येशू यरुशलेमकडे निघाला असता जब्दीच्या मुलांची आई पुढे आली आणि आपल्या दोन पुत्रांस त्याच्या राज्यात उजवी-डावीकडची आसने मिळावीत असे तिने मागितले. शुभवर्तमानातील बढतीचा हा अर्जच होय. आसने दोन, शिष्य बारा. इतर दहा जणांस राग आला यात आश्चर्य ते काय? प्रभूने त्या आईस हाकलून दिले नाही, मागितल्याबद्दल तिची निंदाही केली नाही. तुम्ही काय मागता ते तुम्हांस समजत नाही, एवढे सांगून त्याने त्या दोघांस आपल्या दुःखाच्या प्याल्याविषयी विचारले, आणि मोठेपण म्हणजे सेवा हे त्या दहांसही बसवून सांगितले. त्या दोघांस आसनाऐवजी प्याला मिळाला. याकोब प्रेषितांतील पहिला रक्तसाक्षी झाला.

ख्रिस्तसभेच्या आचार्यांनी याच धोरणाने विचार केला आहे. रोमच्या पाडावानंतर आफ्रिकेत आलेल्या प्रोबा नावाच्या श्रीमंत विधवेने प्रार्थना कशी करावी असे विचारले असता संत आगुस्तीन यांनी ४१२ च्या सुमारास तिला एक दीर्घ पत्र लिहिले. निर्वाहापुरते मागणे गैर नाही, आणि आपल्यावर अवलंबून असलेल्यांचे हित साधावे म्हणून मानाची जागा इच्छिणेही गैर नाही; केवळ त्या जागेसाठी जागा इच्छिणे मात्र गैर, असा त्यांचा अभिप्राय आहे. हे लिहिणारा मनुष्य स्वतः तारुण्यात मिलान शहरी वक्तृत्वाच्या सरकारी पदापर्यंत चढलेला होता. महत्त्वाकांक्षेची नशा कशी असते हे त्यास कोणी शिकवावयास नको होते. तेराव्या शतकात संत थॉमस अक्विनास यांनी ऐहिक गोष्टी प्रार्थनेत मागाव्यात काय, असा स्वतंत्र प्रश्न घेऊन 'होय' असे उत्तर दिले: मुख्य ध्येय म्हणून नव्हे, तर ध्येयाकडे जाण्याची साधने म्हणून. सेमिनरीत आम्ही एवढे पाठ करीत असू. परंतु त्या ग्रंथात लगेच पुढचे प्रश्न कोणते येतात? इतरांसाठी प्रार्थना करावी काय, आणि त्यानंतर, शत्रूंसाठी करावी काय. हा अनुक्रम मला फार अर्थपूर्ण वाटतो. कार्थेजचे महागुरू संत सिप्रियान यांनी तर तिसऱ्या शतकातच दाखवून दिले होते की, प्रभूने शिकविलेल्या प्रार्थनेत 'माझ्या बापा' असे कोणी म्हणत नाही. रोजची भाकर मागावयाची तीही 'आमची'.

याच सिप्रियानांच्या समाधिमंदिरात ३८३ साली एक आई रात्रभर रडत बसली होती. मुलगा आपणांस सोडून रोमला जाऊ नये, एवढेच तिचे मागणे. मुलगा तिला फसवून त्याच रात्री जहाजात बसला. ती आई संत मोनिका, आणि तो मुलगा आगुस्तीन. पुढे इटलीत तो ख्रिस्ती झाला. त्याने स्वतः लिहून ठेवले आहे की, देवाने तिचे त्या रात्रीचे मागणे नाकारले ते तिचे नेहमीचे मागणे पुरविण्यासाठी. आमच्या ज्या माता मुलगा मुंबईस किंवा मस्कतला गेला म्हणून रडतात त्यांस मी ही हकीकत नेहमी सांगतो. त्यांचे समाधान होतेच असे नाही, हेही सांगितले पाहिजे.

परीक्षार्थींचे पालक म्हणून जगभर ज्यांचा धावा केला जातो ते कुपेर्तिनोचे संत योसेफ, यांची कथा या विषयास अगदी जुळणारी आहे. सतराव्या शतकातील हा इटालियन फ्रान्सिस्कन अभ्यासात इतका मंद की, शुभवर्तमानातील एकाच वचनावर त्यास धड बोलता येत असे. डीकनपदाच्या परीक्षेत महागुरूंनी नेमके तेच वचन विचारले. एवढे सर्वांस ठाऊक असते, आणि विद्यार्थी याच चमत्काराची आशा धरतात. परंतु धर्मगुरुपदाच्या परीक्षेत काय झाले ते क्वचितच सांगितले जाते. पहिल्या काही उमेदवारांनी इतकी उत्तम उत्तरे दिली की, महागुरूंनी उरलेल्यांस न विचारताच उत्तीर्ण केले, आणि त्या उरलेल्यांत योसेफ होता. मार्च १६२८ मध्ये त्यास दीक्षा मिळाली. म्हणजे परीक्षार्थींचा हा पालक संत दुसऱ्यांच्या अभ्यासावर पास झाला! शेजारच्या बाकावरील मुलाचे यश हे आपले अपयश समजणाऱ्या विद्यार्थ्याने त्याच्यापुढे मेणबत्ती लावताना हे ध्यानात ठेवावे.

आपल्या मुलांच्या शालान्त परीक्षा मार्चच्या सुमारासच येतात. म्हणून महोत्सवाच्या या वर्षी मार्चच्या पहिल्या रविवारचे मिस्साबलिदान पेण व रोहे येथील सर्व शाळांच्या सर्व परीक्षार्थींसाठी अर्पण करण्याचे योजिले आहे. त्यांत कोणत्या धर्माची मुले आहेत हे विचारले जाणार नाही. ज्यांस आपल्या पाल्याचे नाव हेतूंच्या वहीत लिहावयाचे असेल त्यांनी ते खुशाल लिहावे, ओशाळू नये. त्याच ओळीत पाल्याच्या वर्गातील आणखी एका मुलाचे नाव मात्र लिहावे लागेल. ते कोणाचे असावे हे पाल्यानेच ठरवावयाचे आहे. शक्यतो ज्याच्याशी त्याची चुरस असेल त्याचे. वही फेब्रुवारीच्या मध्यापासून वेदीच्या डाव्या बाजूच्या मेजावर ठेवण्यात येईल.